हिंमत शिकवू नका, नुकसान वाटून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे शादीखान्यात गुणगौरवाचा कार्यक्रम ठेवतात. मोठ्या शहरातून एखादा वक्ता बोलावतात. तो पोरांना सांगतो, अपयशाला घाबरू नका, धोका पत्करा, मोठी स्वप्नं बघा. टाळ्या होतात, मोमेंटो वाटतात, फोटो निघतात. संध्याकाळी वक्ता गाडीत बसून परत जातो. त्याने पत्करायला सांगितलेला धोका मात्र गावातच राहतो, त्या पोराच्या घरात, त्याच्या अब्बांच्या उधारीच्या वहीत.

मी वडवणीचा. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. हल्ली अशा कार्यक्रमांना मलाही बोलावतात आणि विषय ठरलेला असतो: अपयशाची भीती कशी घालवायची? या विषयावर मला जे म्हणायचं आहे ते हारतुरे घेऊन स्टेजवरून बोलण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्या पोरापोरींना हिंमत कमी पडते हे निदानच चुकीचं आहे. ती पडली तर त्यांच्या शेजारी कोण उभं राहणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपल्या समाजाने, आणि त्यातही शिकून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांनी द्यायचं आहे.

वडवणीला धोका शिकवता?

बीड-परळी रस्त्यावरच्या आमच्या गावात जरा फिरून बघा. आसपासच्या शिवारातला शेतकरी दर जूनला उसनंपासनं करून सरकी पेरतो. पाऊस कधी येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापसाची वाट लावली, तरी पुढच्या जूनला तोच शेतकरी पुन्हा तिफण घेऊन उभा होता. दिवाळीच्या सुमाराला तालुक्यातली हजारो माणसं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं, तोड कमी भरली तर उचल फिटत नाही, मग पुढच्या हंगामातही जावंच लागतं. आपल्या मोहल्ल्यातला फळवाला पहाटे बीडहून माल आणतो. संध्याकाळपर्यंत केळी काळी पडली तर दिवसाची कमाई गेली. गॅरेजवाला, शिलाईवाली खाला, कोंबडीवाला, बाजारच्या दिवशी कपड्याचं पाल टाकणारा, यांतल्या कुणालाच पहिल्या तारखेला पगार मिळत नाही.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात हे देशाच्या पातळीवर नोंदवलेलं आहे. मुसलमान कामगारांत स्वतःचा धंदा करणारे जास्त, नियमित पगारी नोकरीत असणारे कमी, आणि बँकेचं कर्ज मिळण्यात आपला वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी. सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्यांच्या पाठीशी बँक नाही तेच लोक रोज सगळ्यात जास्त धोका घेतात. अशा घरातल्या पोराला कुणी बाहेरून येऊन 'धोका पत्करायला शिक' म्हणत असेल, तर त्याने ते घर पाहिलेलंच नाही.

मग भीती नाहीच का? आहे, आणि चांगली मोठी आहे. पण ती मनाच्या कुठल्या कोपऱ्यातून उगवलेली नाही. तिला तीन पक्की कारणं आहेत.

पहिलं कारण पैसा. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर ते वर्षच वाया जातं. आपल्या घरात एका वर्षाबरोबर धाकट्याची फी, बहिणीचं शिक्षण आणि गहाण टाकलेला दागिना हेही जातं. त्याला एकच डाव मिळतो, आणि ज्याला एकच डाव मिळतो तो फटका मारायला घाबरणारच.

दुसरं कारण नाव. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जांना पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. म्हणजे अपयश आलं तर ते आपल्या कामामुळे आलं की नावामुळे, हे पोराला कळतही नाही. कळलं नाही तर तो त्यातून शिकणार काय? वर आणखी एक ओझं असतं. दुसऱ्या कुणाचा धंदा बुडाला तर त्याचा धंदा बुडतो. आपल्यातल्या कुणाचा बुडाला तर 'यांचं असंच असतं' म्हणतात. एका माणसाच्या खांद्यावर साऱ्या कौमची इज्जत ठेवल्यावर त्याला धावता कसं येईल?

तिसरं कारण मुलींचं. मुलगा नापास झाला तर घरात दोन दिवस आरडाओरडा होतो आणि मग तो पुरवणी परीक्षेला बसतो. मुलगी नापास झाली की स्थळ बघायला सुरुवात होते. बालविवाहांचा विषय निघाला की राज्यात बीड जिल्ह्याचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं, ते उगाच नाही. मुलीच्या अपयशाची शिक्षा जन्मभराची असते, हे तिला बारावीतच ठाऊक असतं. तिला 'घाबरू नकोस' म्हणायचा अधिकार ती शिक्षा आधी रद्द करणाऱ्यालाच आहे.

गोष्टी अर्ध्याच सांगितल्या जातात

भाषणांत यशस्वी माणसांच्या गोष्टी असतात. त्या खऱ्या असतात, पण अर्ध्या असतात. उरलेला अर्धा भाग मुद्दाम सांगतो.

झहीर खान आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. इंजिनिअरिंगचा रस्ता समोर होता, तो सोडून तो मुंबईला क्रिकेट खेळायला गेला. इथपर्यंत सगळे सांगतात. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. सात षटकांत ६७ धावा, एकही बळी नाही. देशभर त्या षटकाची चर्चा झाली. पुढे दुखापती आल्या, संघातली जागा गेली. २००६ साली तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी खेळला, ७८ बळी घेतले आणि नवा गोलंदाज होऊन परतला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना. या वेळी पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्या स्पर्धेत २१ बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने अव्वल राहिला.

आता उरलेला अर्धा भाग. इंजिनिअरिंग सोडायचा निर्णय त्याने घरातून पळून जाऊन घेतला नव्हता, घरच्यांनी साथ दिली होती. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला हाताशी धरलं. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनने घडवलं. जोहान्सबर्गच्या त्या षटकानंतर त्याला आठ वर्षं आणि दुसरा अंतिम सामना मिळाला. हिंमत त्याची होती यात वाद नाही. पण पहिलं षटक वाईट गेल्यावर दुसऱ्यांदा चेंडू हातात देणारं कुणीतरी होतं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती पोरांच्या हातात दुसऱ्यांदा चेंडू येतो?

बीड जिल्ह्याचाच अविनाश साबळे घ्या. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, आई-वडील वीटभट्टीवर कामाला. बारावीनंतर तो फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि स्पर्धेसाठी धावायला तिथेच लागला. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक शर्यतीत त्याने ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरीही अंतिम फेरी हुकली. आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव धावूनही बाहेर! पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळालं, सुवर्ण एका सेकंदाच्या विसाव्या भागाने गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा प्राथमिक फेरीतच बाहेर. आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. बुडापेस्ट आणि हांगझोऊच्या मधल्या काळात त्याच्या घरची चूल त्या निकालावर अवलंबून नव्हती, कारण फौजेचा पगार चालू होता. हरल्यावर नोकरी गेली असती तर सहा आठवड्यांनी धावायला कोण गेलं असतं?

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख आपल्याकडे प्रत्येक भाषणात असतो. रिक्षावाल्याचा मुलगा, २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ३६१ वा क्रमांक, वय २१. पुण्यात आपल्या नावावर खोली मिळेना म्हणून त्याला 'शुभम' हे नाव सांगावं लागलं, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. भाषणात ज्याचं नाव येत नाही तो त्याचा धाकटा भाऊ. त्याने सातवीतच शाळा सोडली आणि गॅरेजमध्ये काम करून घराला हातभार लावला. अन्सारने घेतलेल्या धोक्याची अर्धी किंमत त्या भावाने भरली. या गोष्टीवर टाळ्या वाजवताना जरा थांबून विचार करा. एकाला साहेब करायला दुसऱ्या पोराची शाळा सुटत असेल, तर त्या गोष्टीत समाज कुठे होता?

आणि नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची निखत जरीन. २०१७ साली खांदा निखळला, बराच काळ रिंगणाबाहेर गेला. डिसेंबर २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या चाचणीत मेरी कोमकडून ९-१ अशी हार झाली, तीही साऱ्या देशासमोर. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकाविना परतली. तिच्या वडिलांनी मुलींच्या शिक्षण-खेळासाठी आखातातली नोकरी सोडून घरी परतायचं ठरवलं होतं. हाफपँट घालून खेळणाऱ्या मुलीवरून नातेवाईक बोलत होते, ते बोलणं ऐकून घ्यायचं कामही घरच्यांनी केलं.

चारही गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. धोका घेणारा एक होता, पण नुकसान सोसायला तो एकटा नव्हता. माझीही गोष्ट काही वेगळी नाही. माझी पहिल्या वर्षाची फी भरताना अम्मीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि बाजीचं कॉलेज दोन वर्षं पुढे ढकललं गेलं. गुणगौरवात हार माझ्या गळ्यात पडतो, पण धोका त्या दोघींनी घेतला होता.

'अपने लोगां का ये काम नै'

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, म्हणजे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे. पोरगी म्हणाली फॉरेन्सिक सायन्स करते, पोरगा म्हणाला शेळीपालन करतो, कुणी म्हणालं ॲनिमेशन शिकतो, की ठरलेलं वाक्य येतं: 'अपने लोगां का ये काम नै.' या वाक्यामागे काळजी असते, मी ती नाकारत नाही. पण वाक्य खोटं आहे. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की एक रस्ता धोक्याचा आहे आणि दुसरा सुरक्षित. सुरक्षित रस्ता कुठला ते एकदा तपासू.

सरकारी परीक्षा? यूपीएससीला वर्षाला नऊ-दहा लाख अर्ज येतात आणि निवड साधारण हजार जणांची होते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या खोल्यांत पाच-पाच, सात-सात वर्षं बसलेली आपल्या मराठवाड्याची पोरं मी जवळून पाहिली आहेत. एका जागेसाठी शेकडो जण, तारखा पुढे जातात, वय वाढतं, आणि हाती दुसरं कौशल्य नसतं. परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर द्या. पण हा मार्ग 'सेफ' आहे आणि गॅरेज टाकणं 'रिस्की' आहे, असं म्हणणाऱ्याने गणित केलेलं नसतं.

पैसा ठेवीत टाकणं? २०२३ नंतर बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या तेव्हा ऊसतोड्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत हजारोंच्या ठेवी अडकल्या. जास्त व्याजाच्या आशेने ठेवलेला तो पैसा लोकांना सगळ्यात सुरक्षित वाटत होता.

वाट बघणं? नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. बीडपर्यंत पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षं गेली. रेल्वे आल्यावर धंदा टाकू म्हणणाऱ्याचा मुलगाही आता चाळिशीकडे निघाला असेल. वाट बघण्याचीही किंमत असते, फक्त तिची पावती कुणी देत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, धोका नसलेला रस्ता आपल्या वाट्याला आलेलाच नाही. प्रश्न एवढाच आहे की कुठला धोका घ्यायचा, किती घ्यायचा आणि तो कुणाकुणात वाटून घ्यायचा.

माझ्या कामातून दोन गोष्टी

मित्रांनो, मैत्रिणींनो, आता थोडं तुमच्याशी. माझ्या क्षेत्रात बिघाड रोजचा आहे. बिघाड होणारच हे धरून आम्ही काम करतो, म्हणून त्याची भीती कमी होते. त्यासाठी धैर्य लागत नाही, पद्धत लागते.

पहिली पद्धत अशी. नवा बदल लाखो लोकांना एकदम दिला जात नाही. आधी शंभरातल्या एकाला देतात, बघतात, मग पाच जणांना, मग सगळ्यांना. बिघडलंच तर जुनं रूप काही मिनिटांत परत आणता येईल अशी सोय आधी करतात, मगच बटण दाबतात. तुमच्या आयुष्यातही हे जमतं. बेकरी टाकायची आहे? आधी रमजानचा एक महिना घरून माल करून विका. कोडिंग करायचं आहे? महागड्या कोर्सचे दीड लाख भरण्याआधी तीन महिने रोज दोन तास फुकटच्या साधनांवर शिका, आणि मग ठरवा. परीक्षा द्यायची आहे? किती प्रयत्न आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घरच्यांना द्या, आणि शेजारी दुसरं एक कौशल्य चालू ठेवा. असा छोटा, मोजलेला, माघारी फिरता येईल असा धोका घेणाऱ्याला भित्रा म्हणू नका. भित्रा तोही असतो जो विचार न करता घर विकून उडी मारतो, कारण त्याला हिशेबाचीच भीती वाटते.

दुसरी पद्धत. चांगल्या टीममध्ये मोठा बिघाड झाला की नंतर बैठक होते आणि त्यात 'कुणी केलं' हे विचारत नाहीत. काय झालं, कधी कळलं, उशीर का झाला, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढंच लिहून ठेवतात. ज्या टीममध्ये पहिला प्रश्न 'कोण?' असा असतो, तिथे माणसं बिघाड लपवतात आणि लपवलेला बिघाड मोठा होतो. आपल्या घरांत पहिला प्रश्न कुठला असतो ते आठवा. म्हणून पोरं गुणपत्रिका लपवतात, बुडालेलं भांडवल लपवतात, आणि सावकार दारात येतो तेव्हा घराला कळतं.

नुकसान वाटून घ्यायची सोय

एवढं सांगून थांबलो तर माझंही भाषणच होईल. म्हणून आता नोकरीवाल्यांना, दुकानदारांना, आखातातून पैसे पाठवणाऱ्यांना एक ठोस गोष्ट सुचवतो.

तिजारतीतला मुदारबाचा उसूल आपल्याला नवा नाही. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा आला आणि काम करणाऱ्याने बेपर्वाई किंवा बेइमानी केलेली नसेल, तर भांडवलाचा तोटा भांडवल देणाऱ्याचा. मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली, तेवढं त्याचं नुकसान पुरे. नफ्यात वाटा हवा असेल तर नुकसानीतही उभं राहा, हा त्यातला न्याय आहे. आपण व्याज घेत नाही हे अभिमानाने सांगतो. पण दुसऱ्याचा धोका उचलतो का, हे किती जण सांगू शकतील?

आपल्या गल्लीगल्लीत बायकांची भिशी चालते. कागद नाही, ऑफिस नाही, तरी वर्षानुवर्षं एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. तसाच एक गट करा. वीस जण, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. महिन्याचे १०,००० झाले, वर्षाचे १,२०,०००. पुण्यात नोकरी करणाऱ्याचं ५०० रुपयांत एका रविवारचं जेवणही होत नाही. या पैशाला अपयशाची भिशी म्हणा. ज्याला काही करून बघायचं आहे त्याने गटासमोर येऊन तीन गोष्टी सांगायच्या: काय करणार, किती महिने आणि किती पैसे, आणि जमलं नाही तर कुठे थांबणार. गटाने वर्षातून तीन-चार जणांना हात द्यायचा. जमलं तर त्याने मूळ रक्कम आणि ठरलेला वाटा परत करायचा, तो पुढच्याला जाईल. नाही जमलं तर त्याने सगळा हिशेब मांडायचा, काय शिकला ते लिहून द्यायचं आणि तो मोकळा. त्याच्या अब्बांकडे कुणी मागायला जाणार नाही, लग्नात कुणी टोमणा मारणार नाही.

काही अटी मात्र पक्क्या हव्यात. ही ठेव नाही, म्हणून व्याज नाही, एजंट नाही, आणि कुणाची आयुष्यभराची पुंजी यात घ्यायची नाही. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे द्यायचे. हिशेब दर महिन्याला सगळ्या वीस जणांच्या मोबाईलवर गेला पाहिजे. आणि निम्म्या संधी मुलींना. मुलगी नापास झाली तर पुढच्या प्रयत्नाची फी गट देतो, एवढा निरोप जरी तिच्या घरी पोचला, तरी स्थळ बघायची घाई करणाऱ्यांना एक वर्ष थांबायला कारण मिळेल.

दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो. पहिला, फुकटचा पैसा मिळाला की पोरं बिघडतात. वीस ओळखीच्या माणसांसमोर हिशेब मांडणं ज्याला फुकट वाटतं, त्याने एकदा मांडून बघावा. बँकेचं कर्ज बुडवणं त्याहून सोपं आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हे काम सरकारचं आहे, आपण का करायचं? बरोबर. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ साली बंद केली, तेव्हा संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पायाखालचं एक जाळं काढून घेतलं गेलं. त्याबद्दल बोललं पाहिजे, निवेदनं दिली पाहिजेत, अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजना तालुक्यापर्यंत का पोचत नाहीत ते विचारलं पाहिजे. हक्क मागणं सोडायचं नाही. पण वडवणीतल्या मुलीचं वय त्या निवेदनाच्या उत्तरासाठी थांबत नाही. मागणी चालू ठेवून भिशीही चालवता येते. उलट ज्या समाजाने स्वतःच्या पोरांसाठी वीस जणांचा गट उभा केला आहे, त्याच्या मागणीला वजन येतं.

या वर्षीही निकाल लागतील, शादीखाना सजेल, वक्ता येईल. आयोजकांना माझी एक विनंती आहे. पहिल्या आलेल्यांचा सत्कार जरूर करा. पण त्याच स्टेजवर अशा एकाला बोलवा ज्याचं दुकान बंद पडलं, अशा एकीला बोलवा जिची परीक्षा दोनदा हुकली, आणि त्यांना विचारा की आता पुढे काय करायचं आहे आणि त्यासाठी काय लागेल. मग हॉलमधल्या नोकरीवाल्यांकडे वही फिरवा. वक्त्याकडेही फिरवा. 'धोका पत्करा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या वहीत आपल्या वाट्याची रक्कम लिहायची आणि खाली सही करायची.

आणि तरुण मित्रांनो, तुम्ही त्या वहीची वाट बघत बसू नका. तुमच्या ओळखीतले वीस जण तुम्हीही मोजू शकता. या आठवड्यात दहा जणांची नावं लिहा, पहिला फोन करा. कुणी नाही म्हणालं तर ते छोटं अपयश आहे. त्याचा खर्च एका फोनचा.